दिवेलागण

दिवा लागला की हात जोडायचे, हे आईने लहानपणी इतकं अंगवळणी पाडलंय की डिसेंबरातल्या त्या सकाळी गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तेव्हा माझा एक हात स्टिअरिंगवरून उठलाच. आई मागे बसली होती.

"काय रे, काय झालं?"

"दिवा लागलाय."

"कसला?"

"माहीत नाही."

"मग चल पुढं. डॉक्टरांकडे नऊचा नंबर आहे."

दिवा म्हणजे एक कढई होती. बुडाला खाचा आणि पोटात उद्गारचिन्ह. संध्याकाळी कागदावर काढून घरच्यांना दाखवली. बायको म्हणाली, कढईच आहे, तळण जास्त झालं असेल. आई म्हणाली, घोड्याची नाल आहे, शुभ असते. चिरंजीव नववीत आहेत. मोबाइलमधून मान वर न काढता ते म्हणाले, "टायर आहे तो, बाबा. आडवा कापलेला. हवा कमी आहे." नववीतल्या मुलाचं ऐकायची आमच्या घराण्यात पद्धत नाही, म्हणून मी गाडीचं पुस्तक आणायला खाली उतरलो.

हे पुस्तक डॅशबोर्डच्या खणात सगळ्यात तळाशी असतं. त्याच्यावर पीयूसीच्या जुन्या पावत्या, फास्टॅग यायच्या आधीच्या आनेवाडी टोलच्या चिठ्ठ्या, आईच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि कंदी पेढ्यांचा एक पुडा, जो उघडून बघायची माझी छाती झाली नाही. पुस्तकात दिव्यांची चित्रं मोजली तर चौतीस भरली. आमच्या गल्लीच्या गणपतीला इतके दिवे नसतात. आणि बहुतेक चित्रांपुढे एकच सल्ला : अधिकृत विक्रेत्याकडे गाडी दाखवा. पत्रिका घेऊन गेलं की गुरुजी शांत करून घ्या म्हणतात, त्यातलाच प्रकार. कढईपुढे मात्र स्वच्छ लिहिलं होतं, टायरमधल्या हवेचा दाब तपासा. हे मी चिरंजीवांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या राधिका रोडला एका पंक्चरवाल्याकडे गेलो. गाडी लावली आणि बघतो तर दिवा विझलेला.

"दिवा कुठाय?" पोराने आत डोकं घालून विचारलं.

"आत्ता होता."

लहान मूल रात्रभर तापाने फणफणतं आणि डॉक्टरसमोर बसवलं की त्यांच्या स्टेथोस्कोपशी खेळायला लागतं, तशी ही तऱ्हा. पोराने मीटर लावला. "तीस हाय. चालतंय की." पुन्हा सकाळी कढई हजर. पोवई नाक्यापर्यंत कढई, दुपारी जेवायला घरी येताना गायब. चौथ्या दिवशी मी पुरावा म्हणून दिव्याचा फोटो काढून नेला. पोराने फोटो दोन बोटांनी मोठा केला, नीट निरखला आणि म्हणाला, "मोबाइल कितीला घेतला?"

शेवटी प्रकरण शेजारच्या काकांकडे गेलं. काका एसटीत ड्रायव्हर होते. सातारा-मेढा-महाबळेश्वर, केळघरच्या घाटातून वर आणि घाटातून खाली, यात त्यांची हयात गेली. त्यांच्या मते गाडीने माणसाला दिवा दाखवणं हा माणसाचा अपमान आहे. गाडी कुरकुरते, धापा टाकते, वास सोडते. ज्याला नाक-कान आहेत त्याला तेवढं पुरतं. तरी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"आरं, पळवून आणलेल्या टायरची हवा मोजत्यात व्हय? आदी गार तर हुंदे त्याला."

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. सहा वर्षं मी त्याच्याशेजारून आत-बाहेर करतोय, वाचला कधी नव्हता. त्यावर हवेचा दाब ३३ पीएसआय लिहिलाय, तो गार टायरचा. गाडी चार-पाच किलोमीटर पळाली की टायर तापतो आणि दाब तीन-चार पीएसआय वर चढतो. उलट हवेत थंडी वाढली की दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय खाली. शिवाय काहीही बिघडलेलं नसताना महिन्याला एखादा पीएसआय टायर असाच गमावतो, आणि मी शेवटची हवा भरली होती गणपतीत. काकांनी पहाटे साडेसहाला आपला पेनासारखा मीटर आणून लावला : सव्वीस. म्हणजे गाडी रोज सकाळी खरं बोलत होती, आणि मी रोज तिला गरम करून, दुकानात नेऊन, चारचौघांत खोटं पाडत होतो.

आता गार टायरमध्ये हवा भरायची तर दुकान दहाला उघडतं, आणि दुकानापर्यंत जावं तर टायर गार राहत नाही. म्हणून पायाने दाबायचा पंप विकत घेतला. या यंत्राबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पायपट्टी दाबली की पंप पुढे सरकतो, पंपामागे आपण सरकतो, आणि एका टायरला ऐंशी-नव्वद वेळा दाबेपर्यंत माणूस गाडीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोचतो. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, तोंडातून वाफ. दूधवाला थांबला. फिरायला निघालेले दोघे थांबले. त्यातल्या एकाने डॉक्टरांनी सांगितलंय का म्हणून विचारलं. व्हॉल्व्हचं काळं टोपण मी नीट आठवणीने बॉनेटवर ठेवलं होतं. ते तिसऱ्या टायरला घरंगळलं, उडी मारून गटारात गेलं आणि काका हात मागे बांधून म्हणाले, "गेलं."

चारही चाकं ३३. चावी फिरवली. कढई आहे तिथेच!

तेव्हा मात्र मी पुस्तक नीट वाचलं. चाकाच्या आतला सेन्सर गाडी उभी असताना झोपलेला असतो. काही मिनिटं बऱ्यापैकी वेगाने चालवल्यावर तो जागा होऊन नवा आकडा कळवतो. बऱ्यापैकी वेग, आणि साताऱ्यात! राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत मी दुसरा गिअर टाकल्याचं मला आठवत नाही. पण पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये उतरलो, समोर रस्ता मोकळा दिसला, गाडी चाळिशीला गेली आणि त्या बोगद्यात कढई विझली. हॉर्न वाजवून मी आनंद व्यक्त केला. पुढच्या दुचाकीवाल्याने मागे वळून वेगळंच काहीतरी व्यक्त केलं.

काकांनी या निमित्ताने मला एक धडा दिला. लाल दिवा म्हणजे गाडी तिथल्या तिथं बाजूला घेऊन थांबायचं. पिवळा म्हणजे सवडीनं, पण बघायचं. हिरवा-निळा म्हणजे काय न्हाय, चालू दे. हे आमच्या मेहुण्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कास बघून परत येताना त्यांच्या गाडीचं चेंबर दगडावर आपटलं, ऑइल गळायला लागलं आणि यवतेश्वरला लाल रंगाची झारी उजळली. मेहुण्यांनी विचार केला, आता काय, खाली उतारच आहे. ऑइलचा दाब गेल्यावर इंजिनातलं लोखंड लोखंडावर घासतं, त्याला उतार काय आणि चढ काय. समर्थ मंदिरापाशी इंजिन जाम झालं. इंजिन बंद पडल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगला दोन माणसं लागतात, हेही त्यांना त्याच वळणावर समजलं. पुढे इंजिन उघडून बासष्ट हजार लागले. आता ते कासच्या फुलांबद्दल बोलत नाहीत.

मला वाटलं होतं आपली दिवेलागण संपली. आठ दिवसांनी दुसरा दिवा लागला. हाही पिवळाच. चित्र विहिरीवरच्या मोटारीचं. बायकोला त्यात हेलिकॉप्टर दिसलं. पुस्तकात शिरलो तर इंजिन तपासा. पण इंजिन तर छान चालत होतं! सवडीनं बघायचं ना? मग सवड मिळेपर्यंत बाथरूमच्या आरशावर दिवाळीपासून चिकटलेली एक मरून टिकली काढली आणि दिव्यावर लावली. अगदी मापात बसली. तीन आठवडे कसलाही त्रास झाला नाही. फक्त लिटरला सतरा देणारी गाडी चौदावर आली. त्याचा दोष मी पेट्रोलला दिला.

याच काळात भोपळ्याचा प्रकार झाला. आईने मंडईतून सहा किलोचा लाल भोपळा घेतला आणि माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला. गाडी बोंबलायला लागली. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत ड्रायव्हरने आणि शेजारच्याने पट्टा लावला नाही तर ओरडायची सक्ती आहे. सीटला फक्त वजन कळतं, भोपळा कळत नाही. गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत आली, आमचा भोपळा पट्टा लावून शाहूपुरीत आला.

मग एकदाचा फिटरकडे गेलो. त्याने दार उघडलं आणि आधी टिकलीच बघितली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा टिकलीकडे.

"हे काय, सर?"

"दिवा डोळ्यावर येत होता."

नखाने अलगद सोडवून त्याने टिकली बोटाच्या टोकावर घेतली, आणि लक्ष्मी कशी टाकायची म्हणून वर सनशेडच्या आतल्या बाजूला लावून दिली. मग स्टिअरिंगखालच्या सोळा टाचण्यांच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढा डबा खोचला आणि मोबाइलवर वाचलं, "पी ०१३५." ऑक्सिजन सेन्सर गरम करणाऱ्या तारेत गडबड. हा सेन्सर धूर हुंगून इंजिनाला पेट्रोल कमी-जास्त करायला सांगतो, आणि त्याला लवकर तापवणारी तार गेली की इंजिन अंदाजाने, म्हणजे जरा सढळ हाताने, पेट्रोल ओततं. तीन किलोमीटर कुठे गेले ते कळलं.

बॉनेट उचललं. बॅटरीवर एक घर होतं. भुईमुगाची टरफलं, चिरंजीवांचा एक मोजा, जो हरवल्यावरून त्यांना ओरडा बसला होता, आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा गणपतीचा कोपरा. गणपतीच्या शेजारीच त्याचं वाहन राहत होतं आणि सेन्सरची तार खात होतं. फिटरने तार जोडली, वर प्लॅस्टिकची नळी चढवली, कोड पुसला, साडेतीनशे घेतले. जाता जाता ऑइलची काडी काढून बघितली आणि बोटाला लागलेलं काळं पाणी मला दाखवलं. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. मी वर्षाला चार हजार चालवतो, म्हणून 'जे नंतर होईल ते' असा अर्थ लावला होता. ऑइल बदलण्याचे वेगळे घेतले.

उंदीर पुन्हा येऊ नये म्हणून डांबरगोळ्या ठेवायच्या ठरल्या. काका म्हणाले, डांबरगोळ्यांचे उंदीर गोट्या खेळतील. त्यांनी निपाणीची तंबाखूची पानं फडक्यात बांधून स्वतः बॉनेटखाली बांधली. पुरचुंडी नेमकी काचेखालच्या जाळीजवळ बसली, जिथून गाडी आतली हवा ओढते.

रविवारी सासुरवाडीला, कराडला निघालो. आई मागे, बायको पुढे. हायवेला लागल्यावर बायकोने दोनदा नाक ओढलं.

"तंबाखूचा वास येतोय."

"उंदरासाठी आहे."

"उंदीर तंबाखू खातो?"

"नाही, म्हणून तर."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग केस सारखे करायला तिने आरशासाठी सनशेड खाली ओढलं. टिकली तिच्या डोळ्यांसमोर आली.

"ही कुणाची?"

"तुझीच. बाथरूमच्या आरशावरची."

"मी मरून लावत नाही."

तेव्हा मला आठवलं की भाऊबीजेला बहीण आली होती. पण हे आठवायला मला जरा उशीर झाला, आणि सांगायला त्याहून. मागून आई काहीच बोलली नाही, ही तिची बोलायची पद्धत आहे. शेंद्र्याला बायकोने गाडी बाजूला घ्यायला लावली, पट्टा सोडला, उतरून मागे आईशेजारी जाऊन बसली आणि माहेरी न्यायची तांदळाची पिशवी पुढच्या सीटवर ठेवून दिली. गाडी बोंबलायला लागली. मी तांदळाला पट्टा लावला आणि निघालो.