मोआब आणि एमओपी: दोन बॉम्ब, एक गैरसमज

जून २०२५ मध्ये इराणमधल्या फोर्डो या डोंगराखालच्या अणुकेंद्रावर अमेरिकेचा हल्ला झाला आणि एक जुना मजकूर नव्याने फिरू लागला. त्याचा गोषवारा असा: अमेरिकेचा ‘मदर ऑफ ऑल बॉम्ब्ज’ हा अणुबॉम्बचा धाकटा भाऊ, तो जमिनीत ६० मीटर घुसतो, आतला प्राणवायू शोषून घेतो, आणि एकच पुरतो. अफगाणिस्तानात तोच टाकला, इराणातही तोच.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचा घोळ तिथूनच आहे. १३ एप्रिल २०१७ रोजी अफगाणिस्तानातल्या नांगरहार प्रांताच्या अचिन जिल्ह्यात पडला तो जीबीयू-४३, म्हणजे मोआब, हाच तो ‘मदर ऑफ ऑल बॉम्ब्ज’. फोर्डोवर पडला तो जीबीयू-५७, म्हणजे एमओपी (मॅसिव्ह ऑर्डनन्स पेनिट्रेटर), जमीन भेदून आत फुटणारा बॉम्ब. पहिल्याचं वजन सुमारे ९,८०० किलो, त्यातली ८,५०० किलो नुसती स्फोटकं. दुसरा त्याहून जड, १३,६०० किलोचा, पण त्यात स्फोटकं जेमतेम २,४०० किलो. बाकी बहुतेक पोलाद. एक म्हणजे पातळ पत्र्याचा भरलेला पिंप, दुसरा म्हणजे पहार.

‘मोआब ६० मीटर घुसतो.’ अजिबात नाही. तो जमिनीला टेकण्याआधीच फुटतो, तशीच त्याची रचना आहे. अचिनमध्ये त्याने खडक भेदला नाही. दाबाची लाट भुयारांच्या तोंडांतून आत शिरावी, उथळ भुयारं ढासळावीत आणि वाटेत पेरलेले सुरुंग निकामी व्हावेत, हा हेतू होता. ६० मीटरचा आकडा एमओपीचा आहे, तोही कमाल आणि जमिनीच्या जातीवर अवलंबून. मातीत गाठता येणारी खोली कठीण खडकात किंवा उत्तम काँक्रीटमध्ये मिळत नाही.

भेदक बॉम्बचं खरं दुखणं स्फोटकं कमी पडण्याचं नसतं. तो तिरका आदळला तर नाक घसरतं, कवच वाकतं किंवा चिरतं. म्हणून तो जवळजवळ उभा आणि प्रचंड वेगाने यावा लागतो. शिवाय मागच्या बाजूला बसवलेला फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, तो दणका सोसून शाबूत राहिला पाहिजे. फ्यूज लवकर पेटला तर वर नुसता खड्डा पडतो, आणि मेला तर कोट्यवधींचं पोलाद डोंगरात गाडलं जातं.

‘छोटा अणुबॉम्ब.’ मोआबची ताकद सुमारे ११ टन टीएनटीइतकी. हिरोशिमाच्या बॉम्बची सुमारे १५,००० टन. भावंडं म्हणावीत असं हे नातं नाही! छत्रीसारखा ढग दिसला म्हणून अणुस्फोट ठरत नाही. तापलेला वायू वेगाने वर चढला की कुठल्याही मोठ्या स्फोटात तसा ढग होतो.

‘प्राणवायू शोषून मारतो.’ हे वर्णन हवेत इंधन पसरवून ते पेटवणाऱ्या अस्त्रांचं आहे. मोआबमधलं एच-६ हे स्फोटक म्हणजे आरडीएक्स, टीएनटी आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांचं मिश्रण. त्याच्या स्फोटाला बाहेरच्या हवेची गरज नसते.

‘जितका मोठा, तितक्या पट विध्वंस.’ दाबाच्या लाटेची त्रिज्या स्फोटकांच्या घनमुळाने वाढते. ५०० पौंडी साध्या मार्क-८२ बॉम्बमध्ये सुमारे ८७ किलो स्फोटकं असतात. मोआबमध्ये त्याच्या ९८ पट. त्रिज्या मात्र फक्त ४.६ पट, क्षेत्रफळ २१ पट. म्हणजे नुसता परिसर झोडपायचा असेल तर ९८ लहान बॉम्ब विखरून टाकणं कितीतरी फायद्याचं.

मग असला अगडबंब बॉम्ब कशाला? त्याची कामं मोजकी आहेत. मोआबचा पूर्वज बीएलयू-८२ व्हिएतनाममध्ये जंगलात हेलिकॉप्टर उतरवायला जागा करण्यासाठी वापरला. त्याच्या नाकावर सुमारे एक मीटर लांबीची दांडी असे. दांडी जमिनीला टेकली की बॉम्ब वरच फुटायचा, झाडं आडवी व्हायची आणि खड्डा पडायचा नाही. खड्डा पडला तर हेलिकॉप्टर उतरणार कुठे? १९९१ च्या आखाती युद्धात तोच सुरुंगपेरणीवर टाकला आणि शत्रूची भीतीने गाळण उडवायलाही वापरला.

मोआब मालवाहू विमानाच्या मागच्या दारातून पॅराशूटने ओढून काढतात. नंतर तो उपग्रहांच्या मदतीने जाळीदार पंख हलवत नेम धरतो. पण ते संथ विमान विमानभेदी तोफांसमोर नेणं म्हणजे आत्महत्या. आकाश आधीच आपल्या ताब्यात असेल तरच हा खेळ.

जमिनीत शिरून फुटण्याची कल्पना ब्रिटिश अभियंते बार्न्स वॉलिस यांनी दुसऱ्या महायुद्धातच वापरली. जर्मनीतला बीलेफेल्डचा रेल्वेपूल लहान बॉम्बना दाद देत नव्हता. १४ मार्च १९४५ ला दहा टनी ‘ग्रँड स्लॅम’ त्याच्या शेजारी मातीत घुसून फुटला, पायाखालची जमीनच हलली आणि कमानी कोसळल्या. पुलावर थेट पडण्यापेक्षा जवळ पडणं अधिक परिणामकारक ठरलं. या बॉम्बमध्ये ओतलेलं स्फोटक निवून घट्ट व्हायला महिनाभर लागे, म्हणून लक्ष्य सापडलं नाही तर तो समुद्रात टाकून न देता परत आणायचा हुकूम होता.

‘एकच पुरतो.’ फोर्डोवर १२ एमओपी पडले, हवा खेळवण्याच्या दोन विवरांवर प्रत्येकी सहा. पेंटागॉनच्या सांगण्याप्रमाणे पहिला विवराच्या तोंडावरचं काँक्रीटचं झाकण उडवायला, पुढचे चार विवरातून खाली जायला आणि सहावा आधीचा एखादा फसला तर म्हणून राखीव. नतांझ या इराणच्या दुसऱ्या अणुकेंद्रावर आणखी दोन. एका बी-२ बॉम्बफेकी विमानात असे दोनच मावतात, त्यामुळे या १४ बॉम्बसाठी सात विमानं पाठवावी लागली.