पहिले होऊ नका, धंतोलीत गाळा बघा

नागपुरात बसून प्रजननशास्त्रात नवं काही शोधायचं तुमच्या मनात आलं असेल, तर आधी बर्डीवर जाऊन एक प्लेट तर्री-पोहा खा. बहुतेकांचा विचार घामावाटे निघून जातो. नाही गेला, तर पुढचं वाचा. मी डॉक्टर नाही, पण सल्ला द्यायला आपल्याकडे ती अट कधीच नव्हती.

मुख्य पथ्य एकच, कशातही पहिले होऊ नका. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांना ते जमलं नाही. 25 जुलै 1978 ला इंग्लंडात लुईस ब्राउन जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. त्यानंतर 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, कोलकात्यात मुखोपाध्यायांच्या प्रयोगातून तशीच दुर्गा जन्मली. दुसरा नंबर म्हणजे सुरक्षित, असं तुम्ही म्हणाल. पण भाऊ, हा माणूस पद्धतीत पहिला निघाला! इंग्लंडच्या डॉक्टरांनी नैसर्गिक पाळीतलं एकच स्त्रीबीज दुर्बिणीने पोटातून काढलं होतं. यांनी संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन एकाहून जास्त बीजं पिकवली, ती योनीमार्गे काढली, गर्भ 53 दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीत गर्भाशयात सोडला. इतकं एकदम करायचं असतं का? निदान गोठवणं तरी पुढच्या बजेटला ठेवायचं.

मग सरकारने समिती नेमली, अध्यक्ष रेडिओफिजिक्सचे. हसू नका. विषय माहीत असलेला माणूस समितीत घेतला की तो पूर्वग्रहदूषित ठरतो. समितीने दावा खोटा ठरवला. 1979 मध्ये जपानहून बोलावणं आलं, तर जायची परवानगी मिळाली नाही. बदल्या होत होत शेवटची बदली झाली डोळ्यांच्या संस्थेत. म्हणजे आता नुसतं बघत बसा.

19 जून 1981 ला त्यांनी आत्महत्या केली. यावर सल्ला सुचत नाही.

तुम्ही मात्र वाट बघायला शिका. गोठवलेल्या गर्भातून गर्भधारणा झाल्याचं ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 1983 मध्ये छापलं, तेव्हा ते लगेच विज्ञान झालं. 1986 मध्ये मुंबईत हर्षा जन्मली, ती देशातली पहिली म्हणून सरकारदरबारी लागली. तिच्यामागच्या शास्त्रज्ञांपैकी डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांची टिपणं वाचली आणि 1997 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहून टाकलं की पहिला मान त्यांचा, आमचा नव्हे. स्वतःच्या हाताने स्वतःचा नंबर खाली सरकवणारा असा माणूस मिळणार असेल, तर खुशाल संशोधन करा. फक्त तो तुम्ही गेल्यावर 16 वर्षांनी येईल, तेवढं धरून चाला.

त्यापेक्षा धंतोलीत, म्हणजे नागपूरच्या दवाखान्यांच्या वस्तीत, क्लिनिकसाठी गाळा बघा. पार्किंग मिळणार नाही, पण पेशंट मिळतील. ज्या तीन गोष्टींसाठी त्या माणसाला खोटारडा ठरवलं, त्या तिन्ही आता पॅकेजमध्येच असतात. इंजेक्शनं, खालून बीजं काढणं आणि 'फ्रोझन ट्रान्सफर'. बोर्डावर गुटगुटीत गोरं बाळ टाका, संत्राबर्फी वाटून उद्घाटन करा, फीत कापायला नगरसेवक.

रिसेप्शनवर फोटो गणपतीचाच लावा. मुखोपाध्यायांचा लावलात, तर एखादी आजी हमखास विचारेल, "हे डॉक्टरसाहेब कोणत्या वारी बसतात जी?"