डिक्सी डीनच्या डोक्यात लोखंड नव्हतं

घरच्या ग्रुपवर परवा काकांचा चौथ्यांदा तोच मेसेज, 1920च्या दशकातल्या एका इंग्लिश फुटबॉलपटूबद्दल: ‘एव्हर्टन क्लबच्या डिक्सी डीनला अपघातानंतर डॉक्टरांनी डोक्यात लोखंडी पट्टी बसवली, म्हणून त्याने एका मोसमात 60 गोल ठोकले. तेव्हा ऑफसाइड नव्हताच. लाखो पौंड कमावले त्याने. मुलांनो, डोकं कणखर करा, रोज शंभर हेडर मारा!’ एरवी सोडून दिलं असतं. पण बारा वर्षांचा भाचा काल गच्चीच्या भिंतीशी हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारून, कपाळ लालबुंद करून पानावर बसला.

1926 साली नॉर्थ वेल्समध्ये मोटारसायकलच्या अपघातात डीनची कवटी आणि जबडा फुटला, एवढं खरं. डोक्यातली पट्टी ही लोकांनी रंगवलेली गोष्ट. 5 मे 1928 ला आर्सेनलविरुद्ध उतरला तेव्हा त्याचे त्या मोसमातले 57 गोल झाले होते. त्या दिवशीचा एक पेनल्टीवर, म्हणजे पायाने. पट्टी काय बुटात होती? साठावा मात्र डोक्यानेच, शेवटच्या काही मिनिटांत: संघातल्या बुटक्या अ‍ॅलेक ट्रूपने मैदानाच्या कोपऱ्यातून (कॉर्नर) चेंडू उचलला आणि डीन नेमक्या क्षणी उडाला. कमाल त्या उडीची, कवटीची नव्हे.

आणि ते शंभर हेडर! ग्लासगो विद्यापीठाने 7,676 माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, निष्कर्ष 2019 मध्ये आले. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे साडेतीन पट. हेडरमुळेच, असं त्यात सिद्ध झालेलं नाही. तरी पुढच्याच फेब्रुवारीत इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांचा हेडरचा सराव बंद केला. आणि आमचे काका तो गच्चीवर सुरू करताहेत.

ऑफसाइड, म्हणजे पास मिळताना प्रतिस्पर्ध्यांच्या फार पुढे उभं राहायला बंदी, तेव्हाही होता. 1925 मध्ये नियम सैल झाला, खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी पुरेसे ठरले, आणि इंग्लिश लीगच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतले गोल एका मोसमात 1192 वरून 1703 झाले. तेव्हा गोल सोपे झाले होते, हे मान्य करावं लागतं. पण सवलत सगळ्यांनाच होती. डीनच्या आदल्या मोसमात मिडल्सब्रो क्लबच्या जॉर्ज कॅमसेलने 59 मारले ते दुसऱ्या श्रेणीत. पहिल्या श्रेणीत 39 सामन्यांत 60 फक्त डीनचे.

राहिले लाखो पौंड. तेव्हा पगारावर कमाल मर्यादा होती: मोसमात आठवड्याला 8 पौंड, उन्हाळ्यात 6. सामने जिंकल्याचा बोनस धरला तरी एक लाख जमवायला त्याला दोनशेहून जास्त वर्षं खेळावं लागलं असतं.