एक लेन चालू ठेवून पुलाची बेअरिंग बदलणं जोखमीचं

उड्डाणपुलांच्या दुरुस्तीवरच्या लेखातलं ‘दुरुस्ती रात्री करा, एक लेन तरी चालू ठेवा’ हे म्हणणं डांबरीकरणाला लागू पडतं, बेअरिंगला, म्हणजे खांब आणि पूल यांच्यामधल्या आधाराच्या पॅडला, सहसा नाही. बेअरिंग बदलताना गर्डरखाली (पुलाच्या लांब तुळयांखाली) हायड्रॉलिक जॅक लावून अख्खा स्पॅन, म्हणजे दोन खांबांमधला भाग, काही मिलिमीटर उचलतात. वरचा स्लॅब आणि डायफ्रॅम (गर्डरना जोडणाऱ्या आडव्या भिंती) सगळ्या गर्डरना जखडून ठेवतात, त्यामुळे जॅक एकसारखे चढले नाहीत तर डायफ्रॅमला तडा जाऊ शकतो. अशा वेळी वरून भरलेला डंपर जाऊ देणार का? पॅडखालचं ग्राउट (भरलेला सिमेंटचा मसाला) ताकद धरेपर्यंतही भार नकोच. म्हणूनच मुंबईत सायनच्या उड्डाणपुलावर २०२० मध्ये गुरुवार रात्र ते सोमवार पहाट असे सलग ब्लॉक घेऊन वाहतूक बंद ठेवली होती.

एक्स्पान्शन जॉइंट (दोन स्पॅनमधली फट झाकणारा सांधा) मात्र अर्धा-अर्धा करता येतो. तिथे घोळ होतो तो घाईत: कडेचं काँक्रीट कच्चं असतानाच लेन उघडली की चाकाच्या पट्ट्यात ते फुटतं, रबरी सील निसटतं, पावसाचं पाणी थेट पिअर कॅपवर (खांबाच्या माथ्यावर). मग नवीन बेअरिंगही गंजायला मोकळी!