नैराश्य जास्त, म्हणून आजार?

एक संदेश बराच फिरतोय : ‘समलैंगिकांमध्ये नैराश्य जास्त, म्हणजे समलैंगिकता हाच आजार. डॉक्टर पूर्वी तो बरा करत. मग दबावाखाली तो यादीतून काढला आणि आता समुपदेशक नुसते होला हो करतात.’

‘नैराश्य जास्त’ हे खरं आहे. उभयलैंगिकांमध्ये, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांबद्दलही आकर्षण वाटणाऱ्यांमध्ये, तर ते अनेकदा आणखी जास्त आढळतं. त्यांना समलैंगिक आणि भिन्नलैंगिक अशा दोन्हीकडून ‘एकदाचं काय ते ठरव’ ऐकावं लागतं, हे त्याचं एक कारण मानलं जातं. पण त्यावरून लैंगिक कल, म्हणजे कोणाबद्दल आकर्षण वाटतं ते, हाच आजार कसा ठरतो? टोमणे, नाकारलं जाण्याची धास्ती, रोजची लपवाछपवी आणि मनात मुरलेली स्वतःचीच लाज, या सगळ्याला संशोधक इलान मायर यांनी ‘अल्पसंख्याक ताण’ म्हटलं. दुखणं कलातच असतं, तर घरच्यांनी स्वीकारल्यावर ते कमी व्हायचं कारण नव्हतं. ते कमी होताना दिसतं.

दबाव? १९७३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, त्याआधी निदर्शनं झाली होती. ते कशाला नाकारा. पण त्याच्या कितीतरी आधी, १९५७ मध्ये, मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलैंगिक पुरुषांच्या मानसिक चाचण्या नावं झाकून तज्ज्ञांपुढे ठेवल्या होत्या. कोणती कोणाची, हे तज्ज्ञांना ओळखता आलं नाही.

आणि ‘बरा करत’ म्हणजे काय करत? विजेचे झटके, मळमळ आणणारी औषधं. कल बदलतो याचा पुरावा म्हणून मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांचा २००३चा अभ्यास आजही पुढे केला जातो. गंमत अशी की १९७३च्या निर्णयात याच स्पिट्झर यांचा मोठा हात होता. या अभ्यासात लोकांनी फोनवर स्वतःबद्दल जे सांगितलं, तेवढाच आधार होता. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. फॉरवर्ड करणारे ती माफी मात्र गाळतात.

राहिलं ‘होला हो’. चांगला समुपदेशक तुमच्या प्रत्येक निर्णयावर मान डोलवत नाही. दारू वाढली असेल तर तसं तोंडावर सांगतो. घरी सांगून टाका म्हणून मागे लागत नाही. सांगितलं तर राहायला जागा उरेल का, हे आधी विचारतो. झोप उडाली म्हणून आलेल्या उभयलैंगिक माणसाच्या झोपेवर तो उपचार करतो. त्याचं प्रेम कोणावर, हे समजून घेतो; त्यावर औषध शोधत बसत नाही.