पैसे नाहीत? मग दंड भरा!

पगार थकला, खातं रिकामं, म्हणून कर्जाचा हप्ता परत गेला. यावर बँक काय करते? दंड लावते. पाचशे रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले ५९०. कर्जवाली कंपनी तिचा दंड वेगळा लावते, आणि चार दिवसांनी तोच हप्ता पुन्हा टाकून बघते. की परत ५९०! शिवाय किमान शिल्लक नाही म्हणून आणखी कात्री.

रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बजावलंय: किमान शिल्लक कमी पडली तर आधी ग्राहकाला कळवा, महिनाभर मुदत द्या, दंड तुटीच्या प्रमाणात घ्या, आणि निव्वळ त्या दंडापायी खातं उणे करू नका. शाखेत हे सांगितलं की उत्तर ठरलेलं, "सर, सिस्टीमने कापलेत." कापताना सिस्टीम एकटी पुरते. परत द्यायचे म्हटलं की अर्ज लागतो, साहेब रजेवर असतात, वरून मंजुरी यायची असते. लेखी तक्रार द्या, पोच घ्या, ३० दिवस वाट बघा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. हे सगळं कुणी करायचं, तर किराण्याची उधारी थकलेल्या माणसाने!

आणि एवढ्या खेटरझिजीनंतर अर्धे पैसे जमा करतात, ते म्हणे ‘सद्भावना म्हणून’. अहो, माझेच होते ना ते?