‘गांधी’च्या आधीचे अ‍ॅटनबरो

गांधी जयंती जवळ आली की ‘गांधी’ चित्रपटाचे ब्रिटिश दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्याविषयीचा एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचं सार असं: अभिनयात डाळ शिजली नाही म्हणून हे गृहस्थ दिग्दर्शनात शिरले, ‘गांधी’ हा त्यांचा पहिलाच चित्रपट, पैसा सगळा भारत सरकारचा, आणि आपली माणसं घेतली ती गर्दीपुरती. चारही विधानं चुकीची आहेत. शेवटचं तर आपल्याच कलावंतांवर अन्याय करणारं आहे, म्हणून जास्त खुपतं.

आधी अभिनय. अ‍ॅटनबरो लंडनच्या ‘राडा’ या नाट्यसंस्थेत शिकले आणि १९४२ साली पडद्यावर आले. ‘ब्रायटन रॉक’मधला पिंकी, म्हणजे कोवळ्या चेहऱ्याचा निर्दयी गुंड, त्यांनी आधी रंगमंचावर आणि मग १९४७ च्या चित्रपटात केला. १९५२ मध्ये लंडनला ‘द माउसट्रॅप’ हे अगाथा ख्रिस्तीचं रहस्यनाटक सुरू झालं, तेव्हा त्यातला पोलीस सार्जंट ते होते आणि पत्नी शीला सिमही त्याच नाटकात होत्या. ‘द ग्रेट एस्केप’मध्ये कैद्यांच्या पलायनाची आखणी करणारा अधिकारी त्यांचाच. १९६४ च्या दोन भूमिकांसाठी ‘बाफ्टा’ या ब्रिटिश चित्रपट अकादमीने त्यांना सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेता ठरवलं. न चाललेल्या नटाच्या वाट्याला यातलं काय येतं?

शिवाय दिग्दर्शक झाल्यावर त्यांनी अभिनय सोडला असंही नाही. ‘१० रिलिंग्टन प्लेस’ १९७१ चा. त्यात जॉन क्रिस्टी या खऱ्या खुन्याची भूमिका त्यांनी जवळजवळ कुजबुजत केली आहे. आवाज चढत नाही, म्हणूनच अंगावर येते. आणि आपल्या प्रेक्षकाने तरी सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ विसरू नये. त्यातले जनरल आउट्रम, म्हणजे लखनौमधले ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट, अ‍ॅटनबरो आहेत. अवधचा नवाब वाजिद अली शाहच्या दिनक्रमाचा अहवाल ते टॉम ऑल्टरच्या कॅप्टन वेस्टनसमोर वाचतात तो प्रसंग पुन्हा पाहा. नमाज, पतंग, कविता अशी एकेक नोंद येते आणि चेहऱ्यावर तुच्छता, कुतूहल आणि थोडी अस्वस्थता एकाच वेळी दिसते. अवधचा घास घ्यायला निघालेल्या माणसाला आपलं कारण पुरेसं भक्कम नाही हे आतून कळतंय, एवढं सगळं ते खुर्चीत बसून दाखवतात.

‘गांधी’ पहिला चित्रपट? पाचवा. ‘ओह! व्हॉट अ लव्हली वॉर’ (१९६९), ‘यंग विन्स्टन’, ‘अ ब्रिज टू फार’ आणि ‘मॅजिक’ त्याआधीचे. निर्मितीत तर ते आणखी आधी उतरले होते. संपात सामील न होणाऱ्या कामगाराला सहकारी वाळीत टाकतात, अशी गोष्ट सांगणारा १९६० चा ‘द अँग्री सायलेन्स’ त्यांनी ब्रायन फोर्ब्सच्या सोबतीने काढला आणि त्यात मुख्य भूमिकाही केली.

पैशाचा मुद्दा जरा सविस्तर पाहायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे. एनएफडीसीने, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाने, पैसा घातला हे खरं. पण तो सुमारे एक तृतीयांश होता. तेवढ्या रकमेत आपल्याकडचे कितीतरी छोटे चित्रपट झाले असते, हा त्या वेळी इथल्या चित्रपटकर्मींनी घेतलेला आक्षेप मला आजही रास्त वाटतो. मात्र बाकीचा पैसा बाहेरून उभा राहिला. लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयातले मोतीलाल कोठारी यांनी १९६२ मध्ये अ‍ॅटनबरोंना ही कल्पना दिली. पुढच्या वर्षी अ‍ॅटनबरो नेहरूंना भेटले. नेहरू गेले, कोठारीही गेले, आणि चित्रीकरण सुरू झालं ते १९८० च्या नोव्हेंबरात. ‘माउसट्रॅप’च्या नफ्यात अ‍ॅटनबरोंचा सुरुवातीपासून वाटा होता. त्यातला उरलेला हिस्साही त्यांनी ‘गांधी’ तगवण्यासाठी विकून टाकला. ते नाटक पुढे दशकानुदशकं चालत राहिलं, म्हणजे त्यांनी काय सोडलं याचा हिशेब करा.

आता ‘गर्दीपुरती’ माणसं. अंत्ययात्रेच्या दृश्यात तीन लाखांच्या आसपास लोक होते, ३१ जानेवारी १९८१ ला, खऱ्या अंत्ययात्रेच्याच तारखेला. पण चित्रपटातले गोपाळ कृष्ण गोखले कोण? डॉ. श्रीराम लागू. कस्तुरबा? रोहिणी हट्टंगडी. तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या आणि तरुण वयापासून आगाखान पॅलेसमधल्या अखेरीपर्यंतची बा त्यांनी उभी केली. त्यासाठी बाफ्टा मिळालं. दुसऱ्या युनिटची, म्हणजे मुख्य पथकाव्यतिरिक्त स्वतंत्र चित्रीकरण करणाऱ्या तुकडीची, जबाबदारी गोविंद निहलानींवर होती. वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलो यांच्याबरोबर कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या मराठी माणसाला निदान हे तरी माहीत असावं.

अ‍ॅटनबरोंवर टीका करायचीच तर खरी जागा आहे. तीन तासांहून लांब चित्रपटात डॉ. आंबेडकर कुठेही नाहीत. येरवड्याचा उपवास नाही, १९३२ चा पुणे करार नाही. भक्तिभावाने केलेल्या चित्रपटातली ही मोठी उणीव आहे, आणि त्याबद्दल त्यांना जाब विचारायला चित्रपट पाहावा लागतो.